जन्मठिकाण

मामांना फोन लावायला मला दोन दिवस लागले. विचारायचं होतं एवढंच, की मी जन्मले तेव्हा तुम्ही घरात होतात ना, आणि तसं वकिलासमोर शपथेवर लिहून द्याल का. पण शब्द तोंडातून निघेनात. ज्यांच्या खांद्यावर बसून मी यात्रेतली पालखी पाहिली, त्यांना ‘मी जन्मले याला साक्षीदार पाहिजे’ हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

२०२२चा जुलै होता. आम्ही ओहायोतल्या कोलंबसमध्ये राहतो. मी सिव्हिल इंजिनिअर, पुलांच्या डिझाइनचं काम करते. त्याच महिन्यात मला ४३ पूर्ण झाली होती आणि ग्रीन कार्डाच्या, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याच्या, अर्जावर आरएफई आली होती. इथल्या देशी घरांत हा शब्द आवाज खाली आणून बोलतात. पुरावा अपुरा आहे, आणखी पाठवा, ८७ दिवस देतो, अशी ती नोटीस असते. माझ्या नोटिशीत तीन हरकती होत्या. जन्मदाखल्यावर अर्जदाराचं नाव मागाहून घातलेलं आहे. दाखल्यावरचं आईचं नाव अर्जातल्या नावाशी जुळत नाही. दाखल्यावरचं जन्मठिकाण आणि पासपोर्टवरचं जन्मठिकाण वेगळं आहे.

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आणि तिन्हींचं उत्तर आपल्याकडे कुठल्याही आजीनं बसल्या जागी दिलं असतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी पाटण तालुक्यात, मामाच्या गावात, घरातच जन्मले. तिसऱ्या दिवशी आजोबा ग्रामपंचायतीत जाऊन सांगून आले. तारीख लिहिली गेली, वडिलांचं नाव लिहिलं गेलं, आणि अपत्याच्या रकान्यात ‘मुलगी’. नाव कुठून असणार? बारसं व्हायचं होतं. बारशानंतर पुन्हा जाऊन नाव घालून यायचं असतं, हे त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मला तरी कुठे होतं? नाव घातलं ते थेट २०२१ साली, अर्ज करायची वेळ आली तेव्हा. आईचं नाव आजोबांनी सांगितलं ते त्यांच्या तोंडातलं, माहेरचं. ते एका नदीचं नाव आहे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं तिचं सासरचं नाव देवीचं. आणि जन्मठिकाण? आम्ही राहायला कराडला. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ‘गाव कुठलं’ विचारलं, वडिलांनी ‘कराड’ सांगितलं. शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट झाला, पासपोर्टवरून व्हिसा. कुणी खोटं बोललं नाही. ज्यानं त्यानं विचारलेल्या प्रश्नाला खरं तेच उत्तर दिलं.

आता हे ‘जन्मठिकाण’ इतकं का महत्त्वाचं, हे सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्डं देते. हा आकडा १९९०च्या कायद्यातला. त्यात कुटुंबातली माणसंही धरलेली: नवरा, बायको, मुलं, प्रत्येकाला एक आकडा. आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांच्या वर जायचं नाही. भारताला सात टक्के, आइसलंडलाही सात टक्के. मी ज्या वर्गात होते, त्या ईबी-टूमध्ये, म्हणजे उच्चशिक्षितांच्या वर्गात, हा हिस्सा वर्षाला २८०० च्या आसपास येतो. इतर देशांनी न वापरलेले आकडे उरले तर ते रांगेला मिळतात, पण त्याचा भरवसा नाही. केटो इन्स्टिट्यूटनं २०२३मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार या रांगेत सुमारे ११ लाख भारतीय उभे होते आणि नव्यानं उभं राहणाऱ्याला १३४ वर्षं लागतील.

रांग ठरते ती जन्माच्या देशावरून. पासपोर्ट कुठला आहे, शिक्षण कुठे झालं, इथे किती वर्षं कर भरला, हे तिथे विचारत नाहीत. माझ्याबरोबर काम करणारा एक सांगलीचा मुलगा आहे. त्याचे वडील काही वर्षं मस्कतला होते, तिथे तो जन्मला, दोन वर्षांचा असताना सांगलीला परत आला. बोलतो माझ्यासारखाच, डब्यात भडंग आणतो, पासपोर्ट भारताचा. त्याचं ग्रीन कार्ड दोन वर्षांत झालं. मला त्याचा हेवा वाटला, हे मी त्यालाही सांगितलं आहे. तो म्हणाला, “ताई, मला त्या गावाचं नीट आठवतही नाही काही.” मला मात्र माझं जन्मगाव आठवतं, दगडानिशी आठवतं. तेच माझ्या आड आलं.

मी २००७च्या ऑगस्टात एम.एस. करायला आले. महिनाभर आधी, जुलैत, मोठा गोंधळ होऊन गेला होता. जवळजवळ सगळ्यांच्या तारखा खुल्या झाल्या असं व्हिसा बुलेटिननं, म्हणजे रांगेत कुणाची पाळी आली ते सांगणाऱ्या सरकारी पत्रकानं, जाहीर केलं, लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, कागद गोळा केले, आणि २ जुलैला ‘आकडे संपले’ म्हणून दार बंद झालं. तेव्हा इथल्या भारतीयांनी इमिग्रेशन खात्याच्या प्रमुखाला शेकडो पुष्पगुच्छ पाठवले होते. गांधीगिरी. ती फुलं पुढे इस्पितळातल्या जखमी सैनिकांकडे गेली, आणि १७ जुलैला निर्णय फिरवला गेला. माझ्या रूममेट हे रंगवून सांगायच्या. मी ऐकून घ्यायचे. ती मला दुसऱ्या कुणाची तरी गोष्ट वाटायची.

शिक्षण झालं, लग्न झालं, २०१०च्या ऑक्टोबरात एच-वन, म्हणजे नोकरीचा व्हिसा, मिळाला. पुढच्या वर्षी कंपनीनं ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू केली. तिची पहिली पायरी माझ्या मनातून अजून जात नाही. या कामाला लायक अमेरिकन माणूस मिळत नाही हे सिद्ध करण्यासाठी कंपनीला त्या नोकरीची जाहिरात द्यावी लागते, दोन रविवारी, छापील वर्तमानपत्रात. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी नवऱ्यानं पेपर आणला. चहा घेताना मी माझ्याच नोकरीची जाहिरात वाचली. माझं शिक्षण, माझा अनुभव, मी ज्या प्रकारच्या पुलांवर काम करते ते पूल, सगळं होतं. नाव तेवढं नव्हतं. कात्रण मी जपून ठेवलं. दुसरा कुणी आला तर, हा विचार त्या दोन महिन्यांत माझ्याबरोबर ऑफिसात यायचा आणि घरीही यायचा.

कुणी आलं नाही. १२ मार्च २०१२ ला कागद दाखल झाले. ही झाली माझी ‘प्रायॉरिटी डेट’. इथे देशी माणसं भेटली की मुलांच्या वाढदिवसाआधी एकमेकांची पीडी विचारतात. व्हिसा बुलेटिन दर महिन्याला एक तारीख जाहीर करतं. तुमची तारीख तिच्या आधीची असेल तर तुमची पाळी आली. त्या एप्रिलमध्ये भारताच्या ईबी-टूची तारीख १ मे २०१० होती. मी बोटांवर मोजलं: दोन वर्षं. आईला फोनवर सांगितलं, फार तर तीन. मे महिन्यात ती तारीख १५ ऑगस्ट २००७ वर गेली. जूनमध्ये बंदच झाली. ऑक्टोबरात उघडली तेव्हा १ सप्टेंबर २००४ होती. सहा महिन्यांत रांग साडेपाच वर्षांहून जास्त मागे सरकली होती. मी जागची हलले नव्हते.

आईला ते समजावून सांगताना माझी तारांबळ उडायची. “अगं, पण नाही म्हणालेत का ते?” ती विचारायची. नाही तर कुणीच म्हणालं नव्हतं. त्या साली अर्ज मंजूरच झाला होता, आकडा मिळायचा होता. कुणी नकार दिला असता तर आम्ही चार दिवस रडून, सामान बांधून पुण्याला आलो असतो. मंजूर झालेल्या माणसाला निघता येत नाही.

मग आयुष्य तीन-तीन वर्षांच्या तुकड्यांत चालू झालं. एच-वन सहा वर्षांचा. पुढे रांगेत असलेल्याला तीन वर्षांची वाढ मिळते. २०१६, २०१९, २०२२. ड्रायव्हिंग लायसन्सची मुदत व्हिसाच्या मुदतीला बांधलेली. वाढीचा अर्ज वेळेत केला असेल तर निकाल येईपर्यंत २४० दिवस काम करता येतं, पण कामावर गाडी चालवत जायचं तर लायसन्स संपलेलं. २०१९मध्ये सहा आठवडे शेजारची बाई मला सोडायला यायची. तिला कधी कळलंच नाही, की पगार घेणाऱ्या, कर भरणाऱ्या बाईला गाडी का चालवता येत नाही. मला सांगता आलं नाही.

नवऱ्याचं आणखी अवघड. पुण्यात तो गिअरबॉक्स डिझाइन करायचा. इथे एच-फोरवर, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसावर, नोकरीची परवानगी नव्हती. २६ मे २०१५ पासून ती माझ्यासारखीच्या जोडीदाराला मिळायला लागली, तोवर साडेचार वर्षं त्यानं घर सांभाळलं, लेकीला वाढवलं. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही. २०२१मध्ये परवान्याचं नूतनीकरण वेळेत झालं नाही आणि त्याला पाच महिने पुन्हा घरी बसावं लागलं, तेव्हा मात्र एकदा रात्री भांडी घासता घासता म्हणाला, “मला वाटलं होतं, हे संपलंय.” एवढंच. नळ चालू होता.

भारतात जायचं म्हटलं की स्टॅम्पिंगची धास्ती. इथे राहायचा हक्क वेगळा, परत यायचा शिक्का वेगळा, आणि तो शिक्का बाहेरच्या वकिलातीतून आणायचा. आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी गेले नाही. चुलतभावाच्या लग्नाला गेले नाही. ‘पुढच्या वर्षी’ हा शब्द मी लेकीसमोर इतक्यांदा वापरला, की तीही वापरायला लागली.

देशांचा कोटा काढून टाकणारं विधेयक २०१९च्या जुलैत प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं, तेव्हा मंडळाच्या पिकनिकला आम्ही सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होतो. सिनेटनं दीड वर्षानं वेगळ्याच स्वरूपात मंजूर केलं आणि दोन्ही मसुद्यांचा मेळ न बसता ते संपलं.

शेवटी तारखा पुढे सरकल्या त्या कोव्हिडमुळे. जगभरच्या वकिलाती बंद राहिल्यानं नातेवाइकांच्या वाट्याचे आकडे पडून राहिले आणि नियमाप्रमाणे पुढच्या वर्षी नोकरीच्या रांगेकडे वळले. कुणाची तरी आई, कुणाचा तरी भाऊ येऊ शकला नाही, ते आकडे आमच्याकडे आले. मला हे नीट कळत होतं, आणि तरीही २०२१ संपता संपता अर्ज भरताना हात आनंदानं थरथरत होता. डिसेंबरात तारीख १ मे २०१२ वर गेली. मी जवळजवळ दहा वर्षांनी ‘करंट’ झाले, म्हणजे माझी पाळी आली. आता फक्त कुणीतरी फाइल उघडायची होती.

जुलैत उघडली, आणि आरएफई आली.

वकिलानं सांगितलं: जन्माच्या वेळी हजर असलेल्या दोघांची प्रतिज्ञापत्रं, आईचं ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र, ग्रामपंचायतीच्या मूळ नोंदीची नक्कल, सगळ्याचं प्रमाणित भाषांतर. सुईण कधीच गेली. आजोबा-आजी गेले. उरले मामा आणि इचलकरंजीची थोरली मावशी.

फोन लावला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “आगं, म्या न्हवतो तर कोण व्हतं? दादा, म्हंजी तुजं आजोबा, तालुक्याला गेल्यालं. सुईणीला आणाय म्याच गेलो व्हतो, वढ्याच्या पल्याड. वढ्याला पाणी आल्यालं. म्हातारीला पाठुंगळी मारून आणली. आन घरात पाय ठिवला न्हाई तवर तू रडलीस.”

हे मी कधीच ऐकलं नव्हतं. ४३ वर्षांत कुणी सांगायचं कारणच पडलं नव्हतं.

“साल कुठलं, मामा?”

“भूकंपानंतरचा बारावा पावसाळा.”

पाटणकडची त्या वयाची माणसं अशीच मोजतात. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मामा दहा वर्षांचे होते. त्यांच्या डोक्यात सगळं त्याच्या आधी तरी घडलं किंवा नंतर. मी मोजून पाहिलं: १९६८चा पहिला, १९७९चा बारावा. बरोबर. कुठल्याही दाखल्यापेक्षा मला ही नोंद पक्की वाटली, आणि ती मला पाठवता येणार नव्हती. वकिलाच्या नमुन्यात पाच जागा होत्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, नातं, आणि ‘माहिती कशी मिळाली’. ओढा, पाणी, पाठुंगळी घेतलेली म्हातारी यांना त्यात जागा नव्हती. मी विनवून पाहिलं. “जितकं कमी, तितकं बरं,” वकील म्हणाली. ती अनुभवानं बोलत होती, तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कागदावर आलं ते असं: जन्माच्या वेळी मी घरात हजर होतो.

त्यातच मामांची स्वतःची जन्मतारीख १ जून. त्या पिढीतल्या निम्म्या गावाची हीच असते, शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली. माझ्या जन्माच्या साक्षीदाराला स्वतःची खरी तारीख माहीत नाही, हे कुणाच्या नजरेत येईल का, या काळजीनं मला रात्र रात्र झोप लागायची नाही.

शंभराचा स्टॅम्प पेपर घेऊन मामा कराडला कोर्टाच्या आवारात गेले. इंग्रजी मजकूर त्यांनी नोटरीकडून दोनदा मराठीत वाचून घेतला, मगच सही केली. मावशीनं अंगठा दिला. आई दुसऱ्या दिवशी गेली, आणि तिथूनच तिचा फोन आला.

“सही कुठल्या नावानं करू गं?”

मला उत्तर देता आलं नाही. वकिलाला विचारायला इथे रात्र होती. शेवटी नोटरीच म्हणाला, आता चालू आहे त्याच नावानं करा. तिनं केली. घरी गेल्यावर पुन्हा फोन करून म्हणाली, “पंचेचाळीस वर्षांनी कुणीतरी माझं नाव कागदावर लिहिलं. दादा गेल्यापासून कुणी हाकसुद्धा मारली नव्हती त्या नावानं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. मला मात्र पहिल्यांदा वाटलं, की जे पुसलं गेलं होतं ते या नोटिशीनं निदान एकदा वर काढलं. त्यासाठी मी त्या नोटिशीचे आभार मानणार नाही. पण हे झालं, ते नोंदवते.

भाषांतर मंडळातल्या एका मैत्रिणीनं केलं. ‘माहेरचे नाव’ या दोन शब्दांवर ती संध्याकाळभर अडली. इंग्रजीतला नेहमीचा शब्द आडनावापुरता. लग्नात बाईचं पहिलं नावही बदलतात, हे सांगायला वेगळा परिच्छेद लिहावा लागला. तांदळाचं ताट, अंगठी, सगळं लिहिलं. तो परिच्छेद वकिलानं कापला नाही.

सप्टेंबरात उत्तर पोहोचलं. ऑक्टोबर गेला, नोव्हेंबर गेला. डिसेंबरात तारीख ८ ऑक्टोबर २०११ वर घसरली, आणि मी पुन्हा रांगेत. पुढे आणखी मागे, १ जानेवारी २०११. पुरावा पटला की नाही हेही कुणी कळवलं नाही. २०२४ची पहिली तिमाही तर तारीख १ मार्च २०१२ वर थबकली होती. माझी १२ मार्च. अकरा दिवस. तीन महिने मी त्या अकरा दिवसांवर उभी होते. ऑफिसात पुलाच्या खांबांची गणितं करायचे आणि दुपारी जेवताना तोच आकडा पुन्हा बघायचे, जणू काही मधल्या काळात बदलला असेल.

एप्रिलमध्ये तारीख १५ एप्रिल २०१२ झाली. मे महिन्यात, एका साध्या टपालाच्या पाकिटात, कार्ड आलं. नवऱ्याचं दोन दिवसांनी.

मी ते हातात घेऊन दारातच उभी राहिले. फोटो, नाव, जन्मतारीख. खाली जन्माचा देश: भारत. गावाचा रकानाच नाही. पाटणही नाही, कराडही नाही. उलटून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे भल्या सकाळी, मामांना फोन केला. धारा काढून नुकते आत आले होते. कार्ड आलं म्हटल्यावर थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपल्या गावाचं नाव आलंय का त्याच्यावं?”

“नाही आलं, मामा.”

“आसू दे. पर म्या लिवून दिल्यालं लागू पडलं न्हवं?”

“पडलं.”

“मंग झालं,” मामा म्हणाले, आणि मामींना चहा ठेवायला हाक मारली.